तापीच्या थडीला मुळं हवीत

सातबाऱ्यावर आमचं थडीचं, म्हणजे तापीच्या काठावरचं, शेत आजही दोन एकर तीस गुंठे आहे. टेप धरून मोजलं तर सव्वादोन एकरही भरत नाही. मधली जमीन तापीनं नेली. एकाच पुरात गेली असती तर पंचनामा झाला असता, चार माणसं बघायला आली असती. ती गेली वर्षाला हात-दोन हात करत, कुणाच्या डोळ्यावर न येता. आजोबा हद्दीची खूण म्हणून ज्या बाभळीकडे बोट दाखवायचे, तिची मुळं मी लहानपणी हवेत लोंबताना पाहिली. पुढे मी कॉलेजात असताना एका ऑगस्टमध्ये ती मातीच्या गठ्ठ्यासकट खाली बसली.

मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी तापी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जाते ती गाळाच्या जाड थरांतून. ही माती केळी आणि कापूस पोसते, आणि हीच माती पाण्यात गुळासारखी विरघळते. मुक्ताईनगरपासून शहाद्यापर्यंत थडीला शेत असलेल्या कुणालाही विचारा, प्रत्येकाच्या घरात अशी गेलेल्या गुंठ्यांची गोष्ट आहे. आणि दर पावसाळ्यानंतर मागणी एकच असते: संरक्षक भिंत बांधून द्या. शहरात हीच मागणी ‘नदीकाठ सुशोभीकरण’ या नावानं येते. माझं म्हणणं असं की, आपल्या काठांपैकी फार थोड्या काठाला सिमेंटची गरज आहे. बाकीच्या काठाला मुळांची गरज आहे, आणि तीही इथल्याच मातीत वाढलेल्या झाडा-गवतांची.

हे मी शिकलो ते समुद्रावर. रत्नागिरी जिल्ह्यात चार वर्षं नोकरीला होतो. खान्देशातून गेलेल्या माणसाला समुद्राचं अप्रूप असतंच. पण मला जास्त नवल वाटलं ते पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्यांचं. वाळू म्हणजे मुठीत न राहणारी वस्तू, आणि ती इथे टेकडी होऊन उभी! एकदा गुहागरला मर्यादवेलीचा एक फाटा हातात धरून त्याच्या मागे चालत गेलो. पंधरा-सोळा पावलं झाली तरी शेंडा येईना. पानं आपट्यासारखी दुभंगलेली, फुलं जांभळट गुलाबी, आणि दर पेरापाशी मुळांचा झुबका वाळूत उतरलेला. तिच्याही पुढे, अगदी लाटांच्या तोंडावर, रावणाच्या मिशा नावाचं टोकदार गवत होतं. वारा वाळू घेऊन येतो, या गवतात अडखळतो आणि हातातलं ओझं खाली टाकतो. गवत वाळूत गाडलं जातं आणि पुन्हा वर निघतं. दुसरं एखादं रोप गाडलं गेलं की मरतं, हे मात्र गाडलं गेलं की जोम धरतं. असं करत करत टेकडी चढते.

त्या पहिल्या रांगेच्या आडोशाला समुद्री निर्गुडी आणि केवडा, आणि त्यांच्याही मागे उंडी आणि करंज. पंगत ठरलेली. पुढच्यानं खारं वारं अंगावर घ्यायचं, म्हणजे मागच्याला उभं राहता येतं. पावसाळ्यात खवळलेला समुद्र या टेकडीची वाळू ओढून नेतो आणि पुढे उथळ पाण्यात तिचा बांध घालतो, त्या बांधावर लाटा फुटतात. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. टेकडी म्हणजे किनाऱ्याची ठेव आहे, अडचणीत काढायची आणि पुन्हा भरायची. म्हणूनच २०११ च्या आणि पुढे २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवल्या आहेत.

याच टेकड्यांवर गेली कित्येक वर्षं सुरू लावला गेला. सुरू चटकन वाढतो, रांगेत छान दिसतो, फोटोत भरतो. पण तो बाहेरून आणलेला. त्याच्या काड्यांचा जाड थर जमिनीवर पडला की खाली मर्यादवेल टिकत नाही, आणि वाळू धरणारी तर तीच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनांत झाडं आडवी झालेली सगळ्यांनी पाहिली. सुरूनं वारा मुळीच अडवला नाही असं मी म्हणणार नाही, मागच्या वाड्यांना त्याचा आधार होता. पण उंच झाडाच्या एका रांगेवर भिस्त ठेवायची आणि तिच्या पायाशी लोळणारी वेल तण म्हणून काढून टाकायची, या हिशेबातच चूक आहे.

आता तुम्ही म्हणाल, समुद्राचं इथे काय? आमच्याकडे ना लाट, ना खारं वारं. पण एक तर ती वाळू कुठून आली ते बघा. किनाऱ्याला वाळू पुरवतात त्या नद्या. आपली तापी सुरतेच्या पलीकडे डुमसजवळ समुद्राला मिळते आणि तिथली पुळण काळसर आहे. डोंगर झिजतात, नद्या वाहतात आणि किनारे तयार होतात, अशी ती एकच साखळी. त्यात १९७२ पासून उकाईचं धरण मध्ये आहे, खाली जाणारी बरीचशी वाळू तिथेच थबकते. जी थबकत नाही ती ट्रॅक्टरनं आपण उचलतो. दुसरं कारण जास्त जवळचं. काठ कसा टिकतो, याचं उत्तर दोन्हीकडे सारखंच आहे.

काठ तुटतो कसा, हे मला आमच्या सालदारानं दाखवलं होतं. पूर ओसरल्यावर आम्ही दोघं थडीवर उभे होतो. मी म्हणालो, पाणी काठावर आपटलं म्हणून माती गेली. तो खाली उतरला, पायथ्याशी पाण्यानं केलेली कपार दाखवली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि म्हणाला, “भाऊ, पानी वरतून खात नही, खालतून खास.” म्हणजे खालून खातं. अगदी तसंच आहे. पायथा पोकळ झाला की वरची माती स्वतःच्याच वजनानं तुटते. दुसरा धोका पूर उतरताना असतो. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी येते, खाली सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशे इथल्या बॅरेजचे दरवाजे वर होतात, पाणी चढतं तसंच झपाट्यानं उतरतं. काठाची माती तोवर पाणी पिऊन फुगलेली असते. बाहेरून टेकू देणारं नदीचं पाणी गेलं, आतलं पाणी मात्र बाहेर यायला धडपडतंय. अशा वेळी काठ सुटतो. म्हणून ज्या दिवशी पूर सर्वांत मोठा, त्या दिवशी काठ बहुधा जात नाही, तो दोन दिवसांनी जातो.

सिमेंटची भिंत नेमकी इथेच उणी पडते. तिच्या मागे साचलेल्या पाण्याला वाट हवी असते आणि तिच्या पायथ्याला खोल आधार हवा असतो. दोन्हींत काटकसर झाली की भिंत पुढे झुकते. आपल्याच भागातल्या एका शहरात नदीकाठी झालेलं काम मी तीन पावसाळे बघतोय. पहिल्या वर्षी पेव्हर ब्लॉक, हिरवीगार लॉन, रंगीत दिवे. दुसऱ्या वर्षी भिंतीमागची माती खालून वाहून गेली आणि ब्लॉक खचले. तिसऱ्या वर्षी लॉन वाळली, कारण एप्रिलमध्ये शहराला नळाचं पाणी आठवड्यानं येतं, तिथे गवताला रोज पाणी कोण घालणार? एवढ्या पैशात कोसभर काठ बांधावरच्या गवतानं धरता आला असता, या विचारानं तिथून जाताना दर वेळी जीव तुटतो.

मग काय लावायचं? इथेही पंगत आहे, आणि ती जुन्या माणसांना तोंडपाठ होती. अगदी पाण्याशी, जिथे वर्षातले चार महिने रोप बुडून राहणार, तिथे वाळुंज, शेरणी आणि लव्हाळा. पूर आला की ही मोडत नाहीत, लवतात. पाणी त्यांच्या अंगावरून जातं आणि पायथ्याशी त्याचा जोर ओसरतो. त्याच्या वर, उतारावर, कास आणि वाळा. कासेचे पांढरे तुरे नवरात्रात दिसतात तेवढेच आपल्याला ठाऊक, पण एकदा तुटलेल्या काठाचा छेद जवळून बघा. कासेच्या बुंध्याखाली मुळांचा पडदा लोंबत असतो, आणि तेवढाच तुकडा पुढे आलेला असतो, आजूबाजूची माती गेलेली. वाळ्याची मुळं तर सरळ खाली जातात, तीन-तीन मीटरपर्यंत. उन्हाळ्यात माठात ज्याची जुडी टाकून आपण पाणी पितो, त्याला आपल्या नदीच्या काठावर जागा नाही, हे मला समजत नाही. त्याच्या वर निर्गुडी. आणि माथ्यावर, कडेपासून थोडं मागे, करंज, जांभूळ, उंबर, बाभूळ. मागे अशासाठी की उभ्या कड्याच्या अगदी टोकावरचं मोठं झाड वाऱ्यात हलतं आणि कड्याला पहारीसारखं उचकटतं. आमच्या हद्दीच्या बाभळीचं तेच झालं. चूक बाभळीची नव्हती, तिच्या पायाशी कास राहिली नव्हती.

गुहागरला टेकडीमागे उभा असलेला करंज आणि आमच्या थडीचा करंज एकच. तिथली समुद्री निर्गुडी आणि इथली निर्गुडी एका कुळातल्या बहिणी. आणि मर्यादवेलीचीही एक नातलग आपल्याकडे आहे, बेशरम. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं दोघी एकाच प्रजातीतल्या (आयपोमिया), जाती मात्र वेगळ्या. एक आपल्या किनाऱ्याची, वाळू धरून मर्यादा राखणारी. दुसरी दक्षिण अमेरिकेतून आलेली, कुंपणाला म्हणून कुणीतरी लावलेली आणि आता नाल्यानाल्यांत पात्र अडवून बसलेली. ही नावं देणाऱ्या, अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी काय पारख केली होती बघा. नातं असून भागत नाही. ती वनस्पती कोणत्या मातीत, कोणत्या पाण्यात, कोणत्या किड्या-पाखरांसोबत घडली, यावर सगळं ठरतं.

परदेशी झाडांवर माझा राग नाही. गुलमोहर मादागास्करचा, त्याच्या सावलीत मी शाळेत शिकलो. पण नदीचा काठ ही प्रयोगाची जागा नाही. कोनोकार्पस शहराशहरांत दुभाजकांवर लागला, कारण तो पाणी मागत नाही आणि बारा महिने हिरवा राहतो. शेजारच्या गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आधी लावायचं, मग पस्तावायचं, या वाटेनं आपण सुबाभूळ, वेडी बाभूळ, बेशरम या सगळ्यांना आणलं आहे.

वेड्या बाभळीबद्दल मात्र सरसकट बोलू नये. ती काठ धरते, हे खरं आहे. कित्येक घरांची चूलही तिच्यावर पेटते. ‘देशी लावा’ म्हणत उत्साहानं एका उन्हाळ्यात जेसीबी लावून ती मुळासकट काढली, तर जूनमध्ये काठ उघडा पडेल आणि देशी रोपं रुजायच्या आत माती गेलेली असेल. ती पट्ट्यापट्ट्यानं काढावी, आधी शेजारी निर्गुडी आणि कास धरू द्यावी. सरपणाचं काय, हे त्या घरांशी बसून ठरवावं.

शेतकऱ्यांचा एक आक्षेप मला मनापासून पटतो. कास, कुंदा, हरळी ही नावं काढली की आमच्याकडे लोक कपाळावर हात मारतात. काळ्या रानात कुंदा शिरला की नांगराला दाद देत नाही, हरळी वेचता वेचता बायांच्या बोटांना फोड येतात. पण ज्या गुणासाठी आपण त्यांना शेतात शिव्या देतो, तोच गुण पाण्याकडच्या उतारावर हवा आहे. उपटून उपटत नाही, हीच तर काठाची गरज! शेताच्या बांधावर आणू नका, उताराच्या बाजूला जे आपोआप आलंय ते जाळू नका, एवढंच मागणं आहे. शेताकडच्या बाजूला मारवेल लावावी. ती गुरांना गोड लागते आणि कापून नेता येते.

गुरांचा विषय आला की ठेलारींचा, म्हणजे भटक्या मेंढपाळांचा, विषय येतो. पावसाळ्यानंतर मेंढ्यांचे कळप थडी-थडीनं येतात. कोवळी लागवड मेंढ्यांच्या तोंडी गेली तर वर्षाची मेहनत बुडते, आणि चराई बंद केली तर त्या माणसांनी जायचं कुठे? इथे काठी घेऊन उभं राहून चालणार नाही. दोन पावसाळे एक पट्टा बंद, दुसरा खुला, असं आलटूनपालटून बोलून ठरवता येतं. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत आपल्याच पूर्वजांनी पाण्याची वाटणी अशीच बोलून ठरवली, पाटकरी नेमला आणि ती व्यवस्था शेकडो वर्षं चालवली. ज्यांना पाणी वाटून घेता आलं त्यांच्या नातवंडांना गवत वाटून घेता येईल. साक्री तालुक्यातलं बारीपाडा तर आज डोळ्यांसमोर आहे. चैत्राम पवारांच्या पुढाकारानं त्या गावानं चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं, ते मुख्यतः कुऱ्हाड आणि चराई आवरून. जमिनीत दडलेली मुळं आणि बिया तशाच होत्या, त्यांना उसंत मिळाली. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. त्या गावाची रीत मात्र आपल्या थडीपर्यंत आलेली नाही.

आणि वाळू? काठावर कितीही मुळं उतरवली, तरी पात्रातली वाळू उपसली जात असेल तर ती मुळं एक दिवस हवेत लोंबणार. पात्र खाली गेलं की काठाचा पायथा उघडा पडतो, विहिरींचं पाणी उतरतं, पुलाचे खांब नागडे होतात. गिरणेच्या काठावर हे कुणाला सांगायची गरज नाही. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं बजावलं. कागद आहे. रात्रीचे ट्रॅक्टरही आहेत. काठ वाचवण्याची भाषा करणारा कोणताही पुढारी वाळूबद्दल गप्प असेल, तर त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं.

भिंत कुठेच नको, असं मी म्हणत नाही. जिथे घरं अगदी कडेला आहेत, पुलाचा पाया आहे, स्मशान किंवा घाट आहे, नदीचं वळण थेट गावावर येतं, तिथे दगडाचं पिचिंग हवं, गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) हवा, क्वचित भिंतही हवी. दगडांच्या सांदीत वाळ्याचे ठोंब बसवले तर दोन्ही एकमेकांना धरतात. आणि झाडं महापूर थांबवत नाहीत, हेही उघड बोलावं. मुळांना जम बसायला दोन-तीन पावसाळे लागतात. त्या काळात एखादा मोठा पूर आला तर निम्मी लागवड जाईल, पुन्हा लावावी लागेल. पण गेलेलं गवत पुन्हा लावायला गावातली माणसं आणि चार दिवस पुरतात. गेलेली भिंत पुन्हा बांधायला नवं टेंडर लागतं.

खरी अडचण तिथेच आहे. भिंतीचं एस्टिमेट करता येतं, घनमीटर मोजता येतात, उद्घाटनाची कोनशिला लावता येते. वाळ्याच्या ठोंबाला आणि निर्गुडीच्या फोकाला आपल्या कामांच्या कागदांत ठळक जागाच नाही. राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला. मोजायचं होतं ते खड्डे आणि रोपं. गवत त्यात कुठे मोजणार? माझी मागणी साधी आहे. नदीकाठच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात काठावरच्या देशी वनस्पतींसाठी वेगळी रक्कम धरावी, आणि ठेकेदाराचं किंवा ग्रामपंचायतीचं शेवटचं देयक तिसऱ्या पावसाळ्यानंतर, काय जगलं ते मोजून द्यावं. रोजगार हमीतून तालुक्याला एक तरी रोपवाटिका अशी असावी जिथे वाळुंज, शेरणी, करंज, वाळा मिळेल. नाला खोलीकरणाच्या कामात जेसीबी बाहेर पडला की त्याच पावसात उघड्या काठावर ठोंब आणि फोक लागलेच पाहिजेत. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून साखळी बंधारे झाले, विहिरींना पाणी आलं, त्याचं मोल मी जाणतो. पण खोदलेला नाला म्हणजे दोन नवे उभे काठ, हे विसरून चालणार नाही.

गेल्या जूनमध्ये मी वाळुंजाची रोपं मागायला एका रोपवाटिकेत गेलो होतो. तिथल्या माणसानं आपुलकीनं विचारलं, गुलमोहर देऊ का? शेवटी गावाच्या वरच्या अंगाला, ओहळाशी उरलेल्या एकुलत्या एक वाळुंजाच्या मनगटाएवढ्या फांद्या आणल्या, हात-दीड हाताचे तुकडे करून पहिल्या पावसात थडीच्या ओल्या पायथ्याशी ठोकले. वर निर्गुडीच्या फोकांच्या जुड्या आडव्या पुरल्या, त्यांच्या वर वाळ्याचे ठोंब. वाळुंजाच्या वीस तुकड्यांपैकी अकरा फुटले, चार पुरात गेले, पाच वाळले. निर्गुडी जवळजवळ सगळी लागली. यंदा जूनमध्ये त्या नऊ जागा पुन्हा भरायच्या आहेत, आणि शेजारच्यानं त्याच्या वाट्याच्या थडीसाठी तीस तुकडे मागून ठेवलेत.